भट्टी दुकानात की कारखान्यात? बेळगावातल्या आमच्या बेकरीची वाटचाल

बेकरीचं दुसरं दुकान काढायचं म्हटलं की आधी जागा नि पाटी डोळ्यांसमोर येते. खरा प्रश्न भट्टीचा असतो. सगळा माल एके ठिकाणी भाजून गाडीनं पाठवायचा, की दुकानागणिक भट्टी लावायची? आमची भट्टी शहापुरात, दुकानं टिळकवाडी, खानापूर आणि निपाणीला. एवढ्याशा पसाऱ्यालाही हा प्रश्न चुकला नाही, आणि उत्तर शोधताना मोठ्या साखळ्यांची रीत बघावी लागली.

इंग्लंडमधली ग्रेग्स मूळची न्यूकॅसलची, पहिलं दुकान १९५१ चं. तिचे सॉसेज रोल आज कारखान्यात लाटून, भरून कच्चेच गोठवतात. दुकानात फक्त भाजणं उरतं. कॅनडाच्या टिम हॉर्टन्सनंही दुकानात डोनट तळणं सोडून अर्धवट तयार, गोठवलेला माल मागवायला सुरुवात केली. दोन्हींकडं कारागीर कारखान्यात, दुकानात ओव्हन नि बटण. लंडनची प्रेट ए मांजे मात्र सँडविच दुकानातल्याच स्वयंपाकघरात रोजच्या रोज करते. आपल्याकडं मॉन्जिनीसनं शहरातला एक कारखाना आणि भोवती फ्रँचायझी दुकानं ही वाट धरली. कर्नाटकातल्या हसनकडच्या अय्यंगार बेकऱ्या तिसऱ्याच तऱ्हेच्या. मालक निरनिराळे, भट्टी प्रत्येकाची आपली, पण खारा बन आणि दिलपसंद कुठंही ओळखू यावा असा. कागदावर साखळी नाही, जिभेवर आहे.

गोठवण्याच्या रीतीतली मेख थंडीच्या साखळीत आहे. उणे १८ अंश कारखान्यापासून दुकानापर्यंत कुठंही सुटता कामा नये. वीज जाऊन माल अर्धवट विरघळला आणि पुन्हा गोठला की आतल्या बर्फाचे कण मोठे होतात, यीस्ट मरतं, अर्धवट भाजलेल्या पावाची वरची कड पापुद्र्यासारखी सुटते. जनरेटर, गोठवणारी गाडी, दुकानात डीप फ्रीजर हा खर्च तीन दुकानांवर पडला तर पफ सोन्याच्या भावानं विकावा लागेल.

म्हणून आम्ही माल तीन वाटांनी पाठवतो. लादी पाव आणि ब्रेड शहापुरातच भाजून टिळकवाडी, खानापूरला पहाटे जातो. निपाणी पंच्याहत्तरेक किलोमीटर, तिथं खारी, टोस्ट, बटर, नानकटाई असा कोरडा माल. पफ मात्र निपाणीला कच्चेच जातात, गोठवून नव्हे तर ४ अंशांवर थंड करून, आणि २४ तासांच्या आत तिथल्या छोट्या ओव्हनमध्ये भाजले जातात. ग्रेग्सचीच रीत, फक्त बर्फावाचून.

पफचं माप असं: १० किलो मैद्याला ५ किलो पेस्ट्री मार्गारीन, एका नगाला ६० ग्रॅम पीठ, ३५ ग्रॅम सारण, २१० अंशांवर २२ ते २५ मिनिटं. पदर न सुटण्याचं कारण दहांत आठ वेळा गरम सारण असतं. बटाट्याची भाजी १२ अंशांखाली उतरल्याशिवाय भरायची नाही, नाहीतर चरबी तिथंच वितळते आणि तळ पिठूळ, ओला राहतो. लोण्याचा क्रॉसाँ आम्ही मार्च ते मे करतच नाही. लोणी ३२-३५ अंशांना वितळतं आणि दुपारी कारखान्याची हवाच तेवढी तापलेली असते. पॅरिसच्या पदरांशी बरोबरी करायची तर लाटण्याची खोली थंड हवी.

पावाचं सगळं गणित पाण्याच्या तपमानात. मळलेलं पीठ २६ अंशांवर उतरायला हवं. हवा, मैदा, पाणी या तिघांसाठी २६ ची तिप्पट ७८. त्यातून हवा, मैदा आणि मिक्सरच्या घर्षणाची गरमी वजा करायची. आमच्या मिक्सरची गरमी ८ धरतो. एप्रिलात हवा ३५, मैदा ३३, म्हणजे पाणी २ अंशांचं. १० किलो मैद्याला ६ लिटर पाणी लागतं. नळाचं पाणी २८ अंश असेल तर त्यातलं १.४५ किलो बर्फ घालायचं. डिसेंबरच्या पहाटे हवा नि मैदा दोन्ही १८ असले की तेच पाणी ३४ अंशांचं घ्यायचं. हे न मोजता यीस्ट कमी-जास्त करणारे कारागीर पुष्कळ. मग पाव एके दिवशी आंबट, दुसऱ्या दिवशी दगड.

पावसाळ्यात दुखणं उलटं. खानापूर, कणकुंबीकडच्या दमट हवेत उघडी खारी तासाभरात लोळागोळा होते. १९९१ साली ब्रिटनमध्ये जाफा केक हा केक की बिस्किट यावर कराचा खटला चालला. त्यातला एक मुद्दा कुठल्याही बेकरीवाल्यानं सांगितला असता: केक शिळा झाला की कडक होतो, बिस्किट शिळं झालं की मऊ पडतं. खारी बिस्किटाच्या जातीची. २०० अंशांवर फुलवल्यावर १५० वर ती पूर्ण सुकवायची, गार झाली की लगेच जाड पिशवीत सील. कोमट असताना सील केली तर आतल्या वाफेनंच मऊ पडते. ब्रेडचंही तसंच. आतून ३५ अंशांवर आल्याशिवाय कापायचा नाही नि भरायचा नाही, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी.

पाटीवर काय लिहावं याचे नियमही बघण्यासारखे. फ्रान्समध्ये १९९८ च्या कायद्यानं ‘बुलांजरी’ (पावाची बेकरी) हा शब्द लावायचा तर पाव तिथंच मळून, घडवून, भाजलेला लागतो, कुठल्याही टप्प्यावर गोठवलेला चालत नाही. आपल्याकडं ‘लाइव्ह बेकरी’ कुणीही लिहितो. निपाणीच्या पाटीवर आम्ही ते लिहिलेलं नाही.

कराची गंमत दोन्हीकडं आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली भट्टीतून गरम निघालेल्या पेस्टीवर (सारण भरलेल्या, पफसारख्या मालावर) २० टक्के कर लावायचा बेत होता. ओरड झाल्यावर, आपोआप निवत असलेला माल त्यातून सुटला. आपल्याकडं पाव करमुक्त, टोस्टला ५ टक्के, आणि केक-बिस्किटांचे १८ टक्के २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ वर आले. पण दुकानात टेबलं टाकून कॉफी दिली की ती रेस्टॉरंट सेवा: ५ टक्के, आणि कॉफीच्या मशीनवर भरलेल्या कराची वजावट नाही. कॉफीचं गणित मांडताना हे आधी धरा.

कॅफे कॉफी डे १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर सुरू झालं, मागं चिकमगळूरचे मळे होते. स्टारबक्स २०१२ ला टाटांबरोबर मुंबईत आलं. तिथलं मशीन बटणावर चालतं, चव माणसावर सोपवलेली नाही. साध्या मशीनवर १८ ग्रॅम पावडरीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी उतरावी लागते. दमट हवेत पावडर ओल ओढते आणि वेळ हलते, म्हणून जुलैत दळणाची जाडी सकाळ-दुपार तपासायची. दूध ६० ते ६५ अंशांवर गोड लागतं, ७० च्या पुढं फेस मोडतो. आमचं गिऱ्हाईक मात्र जीभ भाजल्याशिवाय कॉफी मानत नाही! म्हणून टिळकवाडीला मशीन ठेवलं, खानापूर-निपाणीला फिल्टर: ८० ग्रॅम पावडरीला अर्धा लिटर पाणी, वीस मिनिटांत डिकॉक्शन (कॉफीचा दाट अर्क), दोन तासांवर ठेवायचं नाही. कॉफीत मिसळायची चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) कायद्यानं ४९ टक्क्यांपर्यंत चालते, आम्ही २० वर थांबतो.

मशीन घेणार असाल तर पाण्याला आधी पैसे ठेवा. बोअरच्या जड पाण्यानं बॉयलरमध्ये चुना साठतो आणि वाफेचा दाब पडतो. निव्वळ आरओचं पाणी लावलं तर कॉफी सपक. दोन्ही मिसळून टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १०० ते १५० च्या दरम्यान राखायचा, आणि मीटर मशीनशेजारीच लटकवून ठेवायचा.