डबीच्या पाठीवर

"अगो, ह्या क्रीमात दारू घालतात काय?" सासूबाईंनी विचारलं. त्यांची पद्धत अशी की डबीवरची बारीक अक्षरं चष्म्यालाही दाद देत नाहीत, म्हणून मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो दोन बोटांनी ताणून वाचायचा. ताणता ताणता 'सेटिअरिल अल्कोहोल' सापडलं होतं. काजूच्या हंगामात अख्खं गाव हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूच्या, वासाने भरतं तेव्हा कुणी नाक मुरडत नाही, पण चेहऱ्याला अल्कोहोल म्हटल्यावर दचकायचं, हे खास गोवेकरी.

तर ती दारू नव्हे. सेटिअरिल अल्कोहोल म्हणजे पांढरा, मेणचट पदार्थ. बऱ्याचदा पाम किंवा खोबरेल तेलापासून बनवतात. त्याने क्रीम दाट होतं आणि कातडी मऊ राहते. बाकीची भुतंही जवळून पाहिली की ओळखीची निघतात. नायसिनामाइड म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप, टोकोफेरॉल म्हणजे ई. 'कोकोस न्युसिफेरा ऑइल' हे तर आपलं खोबरेल. 'सोडियम हायल्युरोनेट' ज्या आम्लाचा क्षार आहे, ते १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना गाईच्या डोळ्यात सापडलं. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. आता ते बहुतेक जिवाणूंकडून तयार करून घेतात, त्यामुळे गाईंनी काळजी करू नये.

माझं आवडतं नाव मात्र 'गार्सिनिया इंडिका सीड बटर'. वाचून वाटतं, परदेशातून बोटीने आलं असावं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हेच भिरंडेल म्हणून मिळतं. भिरंडांची म्हणजे कोकमांची सोलं वाळत घातली की बिया उरतात. त्या सुकवून, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग काढून निवू द्यायचा आणि हातानेच त्याचे गोळे वळायचे. फिकट पिवळसर, अंड्याएवढा गोळा, त्यावर वळणाऱ्या बाईच्या बोटांचे ठसे तसेच. नख मारलं तर खरवडून निघतो, पण लोण्यासारखा बोटावर लगेच वितळत नाही. वितळायला अंगाच्या उबेपेक्षा जरा जास्तच ऊब लागते. म्हणून भेगाळलेल्या टाचेला लावायचा तर आधी पळीत, दिव्यावर धरून पातळ करतात. वास जवळजवळ नाहीच.

आणि हा गोळा फडताळात महिनोन्महिने पडून राहतो, बुरशी धरत नाही, कारण त्यात पाणी नसतं. क्रीमचं तसं नाही. क्रीम म्हणजे बव्हंशी पाणी. यादीत पहिलं नाव बहुधा 'अ‍ॅक्वा' असतं ते हेच. जिथे पाणी तिथे जंतू. फिनॉक्सिइथेनॉलसारखी नावं येतात ती त्यासाठी. 'प्रिझर्वेटिव्ह नको गं बाई' म्हणणाऱ्यांनी गोव्यातल्या जुलै महिन्यात कपाट उघडून कातडी पट्टा पाहावा. हिरवी लव धरलेली असते. ओल्या बोटांनी रोज उघडायच्या डबीत त्याहून वेगळं काय होणार? मला तरी ते अवघड नाव डबीवर असलेलंच बरं वाटतं.

खरा संशय घ्यावा तो सोप्या शब्दाचा: 'परफ्यूम'. शाळकरी पोरालाही कळेल असा. पण त्या एका शब्दाआड डझनावारी रसायनं बसू शकतात, कारण सुगंधाचं मिश्रण हे व्यवसायातलं गुपित मानतात. युरोपच्या नियमांमुळे त्यांतली अ‍ॅलर्जी आणू शकणारी काही नावं ठरावीक प्रमाणाच्या वर गेली की वेगळी छापावी लागतात, म्हणून यादीच्या शेपटाला लिनालूल, लिमोनीन अशी मंडळी दिसतात. लिनालूल मोगऱ्यातही असतं. म्हणजे 'नैसर्गिक आहे, त्रास कसला देणार' हेही गेलं.

यादीला क्रमही असतो. जे जास्त ते आधी, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली सगळी शेवटी, कशीही. फिनॉक्सिइथेनॉल युरोपात एक टक्क्याहून जास्त घालायला परवानगीच नाही. म्हणजे त्या नियमाने बनलेल्या डबीवर त्याच्यामागे जे जे आलं, ते फार तर एक टक्का.

सासूबाईंना हे सांगितल्यापासून त्या दुकानात अल्कोहोल शोधत नाहीत, फिनॉक्सिइथेनॉल शोधतात. परवा एका डबीवर कोकमाचं लालबुंद फळ, पानासकट, झाकणभर छापलेलं. त्यांनी डबी उलटी केली, फोटो काढला, ताणला. गार्सिनिया इंडिका फिनॉक्सिइथेनॉलच्याही मागे, परफ्यूमच्या शेजारी. "एवढ्या पैशांत," त्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भिरंडेलाचे गोळे टोपलीभर येतील." आणि डबी परत फळीवर ठेवली, कोकमाचं चित्र भिंतीकडे करून.