ओस्ती टाळूला चिकटते तेव्हा

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाचं पहिलं कम्युनियन (मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, ख्रिस्तशरीर मानलेली ओस्ती ही गव्हाची पातळ चकती पहिल्यांदा घेणं) "त्याला कळत नाही" म्हणून लांबणीवर पडतं. कॅथलिक चर्चच्या कायद्याचा कॅनन (कलम) 777 मात्र अशा मुलांना झेपेल तितकं धर्मशिक्षण मिळतंय की नाही, हे पाहणं धर्मग्रामाच्या फादरांवरच सोपवतो. अमेरिकन बिशपांच्या मार्गदर्शनानुसार ख्रिस्तशरीर नेहमीच्या खाण्यापेक्षा वेगळं आहे एवढी जाण पुरते. ती हावभावातून, शांत बसण्यातून दिसली तरी चालते. प्रार्थना पाठ नसणं ही माझ्या मते सबबच.

खरी अडचण जिभेवर असते. कोरडी ओस्ती टाळूला चिकटते, मूल थुंकतं, सगळे अवघडतात. म्हणून आधी काही आठवडे मिस्सेत अर्पण न झालेल्या ओस्तीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घरी द्यावा, मागून घोटभर पाणी. तुकडा मोठा करता आला नाही तरी बिघडत नाही; अर्पण झालेल्या ओस्तीच्या कणातही पूर्ण ख्रिस्त असतो. घास गिळताच येत नसेल तर कॅनन 925 प्रमाणे मिस्सेत अर्पण झालेला नुसता द्राक्षारस, चमच्याने, काही थेंब. पातळ पदार्थानेही ठसका लागत असेल तर आधी स्पीच थेरपिस्टला विचारा.

सिलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन हे प्रथिन न सोसणारा आजार) असलेल्यांसाठी कमी ग्लूटेनची ओस्ती मिळते. तांदळाची चालत नाही, गव्हाचीच लागते. ती वेगळ्या डबीत ठेवावी, नाहीतर फादरांच्या बोटांवरचा इतर ओस्त्यांचा चुरा तिला लागतो.