आमची वाटचाल : धुळ्याच्या आग्रा रोडवरचं पंप-नोझलचं दुकान

बिजासन, कोंडाईबारी, लळिंग आणि चाळीसगावापुढचा कन्नड घाट. धुळ्यातून निघालेल्या बहुतेक ट्रकना यातला एखादा तरी घाट चढावा लागतो, आणि घाटात गाडी दमली की ड्रायव्हरला पहिली आठवण पंपवाल्याची येते, म्हणजे इंजिनला डिझेल मोजून देणारा पंप आणि ते सिलिंडरमध्ये फवारणारी नोझलं दुरुस्त करणाऱ्याची. या हिशेबावर मी आणि माझा भागीदार आग्रा रोडला दोन गाळे भाड्याने घेऊन बसलो. हे पंप बनवणाऱ्या बॉश कंपनीला तेव्हा सगळे मायकोच म्हणायचे. माझा हात नाशिकला बसला होता, भागीदाराकडे थोडी शेती आणि पैसा होता. बाकीचं बँकेने दिलं.

कर्ज काढलं ते टेस्ट बेंचसाठी, म्हणजे पंप किती डिझेल सोडतो ते मोजायच्या यंत्रासाठी. लोक दुकानात आले की काचेच्या नळ्यांकडे बघत उभे राहायचे. सहा सिलिंडरचा इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरसाठी एक असे सहा एलिमेंट (दट्टे) एका ओळीत असलेला, बेंचवर चढवला की आधी फेजिंग बघायचं, म्हणजे कोणता एलिमेंट कधी डिझेल ढकलतो ते : दोन एलिमेंटमध्ये बरोबर ६० अंश. मग ठरावीक स्ट्रोकनंतर सहाही नळ्यांत तेलाची पातळी एका रेषेत यायला हवी. बेंचवर डिझेलऐवजी वापरतात ते टेस्ट ऑइल ४० अंशांवर ठेवायचं असतं. मे महिन्यात धुळ्यात गाळ्याचीच हवा ४० च्या वर जाते, म्हणून आम्ही मापाचं काम पहाटे उरकायचो. बाकीचे हसायचे, पण ऑइल गरम झालं की पातळ होतं आणि माप फसतं, हे पंपवाल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरं हत्यार नोझल टेस्टर. हँडल दाबलं की चांगलं नोझल कर्रर्र असा बारीक आवाज देतं, धुकं सोडतं आणि टोकाला थेंब धरत नाही. काटा बघण्याआधी मी अजून कान देतो. आणि पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो : फवाऱ्याखाली बोट नेऊ नका. २०० बारच्या वर सुटलेलं डिझेल कातडी फोडून आत जातं. वरून टाचणीएवढं छिद्र दिसतं आणि आत बोट सडतं. तसं झालं तर हळद लावत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात न्या.

आता चोपड्याच्या नानांबद्दल. नाना केळीवाले. चोपड्याहून भरलेली गाडी शिरपूरला आग्रा रोडला लागायची आणि बिजासन चढून दिल्लीकडे जायची. केळी थांबत नाही. गाडी उशिरा पोचली की माल पिवळा पडतो आणि मंडीत भाव तुटतो. नाना पहिल्यांदा आले ते एवढंच बोलले, ‘‘भाऊ, घाटमा गाडी मरी जास.’’ त्यांना कुणीतरी मोठी नोझलं बसवायचा सल्ला दिला होता. इंजिन टाटा कमिन्सचं, ५.९ लिटर, टर्बोचं पण बिगर-इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करायची सोय नसलेलं.

मी नानांना तासभर बसवून ठेवलं. इनलाइन पंपात डिझेलचं माप पंप ठरवतो, नोझल नाही. भोक ०.२५ चं ०.३० मिलिमीटर केलं की क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं खरं, पण पंपाने तेवढंच डिझेल दिलं तर ते कमी दाबाने, जाड थेंबांनी पडतं. धूर वाढतो, लायनरवरचं (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचं) ऑइल धुतलं जातं, इंजिन ऑइलमध्ये डिझेल उतरतं. मोटर मोठी बसवली म्हणून विहिरीला पाणी वाढत नाही, एवढं म्हटल्यावर शेतकरी माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही.

त्याच इंजिनचा इंटरकूलरवाला, जास्त ताकदीचा प्रकार कंपनीच बनवायची. आम्ही नानांच्या गाडीला त्याच मापाने नेलं, आरटीओची मंजुरी आणि कागदावर नोंद घेऊन. आधी टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप, फिल्टर आणि डिझेलची लाइन. भर लोडवर पंपाच्या गॅलरीतलं (एलिमेंटना डिझेल पुरवणाऱ्या पोकळीतलं) प्रेशर पडत असेल तर बॅरल (एलिमेंटची नळी) पुरतं भरतच नाही, मग वर कितीही स्क्रू फिरवा. त्यानंतर त्या प्रकाराचा टर्बो, इंटरकूलर, मोठा रेडिएटर. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट बदलली, कारण वाढलेला जोर पहिल्यांदा क्लचवर येतो. टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पायरोमीटर (धुराची उष्णता मोजणारा काटा) लावला आणि ड्रायव्हरला बजावलं : काटा ७०० अंशांच्या जवळ गेला की गिअर उतरव, पाय दाबून ठेवू नकोस. हे सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, पंपाचं माप आणि नोझलं. काम लांबलं. नाना एका शब्दाने बोलले नाहीत.

आमच्यावर आलेलं संकट इथूनच सुरू होतं. रस्त्याच्या पलीकडे एक दुकान उघडलं. नाव घेत नाही. पाटीवर ‘पिकअप एका दिवसात’. तिथे नुसती मोठी नोझलं टाकायचे, गाडी ओढत नाही म्हटलं की पंपाचं सील तोडून फुल-लोडचा, म्हणजे जास्तीत जास्त डिझेल किती ते ठरवणारा, स्क्रू फिरवायचे. ना हवा वाढवलेली, ना पाणी. एक खेप गाडी पळायची, काळा धूर सोडत. ड्रायव्हर लोक खूश, मालकाला आमच्यापेक्षा निम्मं बिल. आमच्या दारातल्या गाड्या एकेक करत पलीकडे लागायला लागल्या. मी भाव पाडला नाही. आजही पाडणार नाही.

मग शहरातल्या एका बड्या ट्रान्सपोर्टरचं इंजिन भर उन्हाळ्यात घाटात बसलं. हेड उघडलं तर दोन पिस्टनची डोकी वितळलेली. पंप मूळ आमच्या बेंचवरचा, तेव्हा बोंब अशी झाली की आमच्या पंपाने इंजिन खाल्लं. त्यांनी आमचं आधीचं सगळं बिल अडवलं आणि त्यांच्या शब्दावर चालणारे बाकीचेही थांबले. बेंचचे हप्ते थकले. भागीदाराने त्याचा हिस्सा मागितला. त्याच्या घरी लग्न होतं, त्याला दोष देत नाही. मालेगावचा एक जण बेंच बघायला आला आणि काचेच्या नळ्या बोटाने वाजवून पडीक भाव सांगून गेला. त्या रात्री जेवण गेलं नाही.

नानांना हे बाजारात कळलं. ते चोपड्याहून आले, त्या ट्रान्सपोर्टरच्या गादीवर गेले आणि म्हणाले, पंप काढा, चार माणसांसमोर बेंचवर लावा, खोट निघाली तर इंजिनचे पैसे मी देतो. पंप आला. आमचं शिशाचं सील जागेवर नव्हतं, तार तुटलेली, स्क्रूच्या लॉकनटवर पान्याचे ताजे ओरखडे. पंप फिरवला तेव्हा आमच्या वहीत त्या पंपाचं जे माप लिहिलेलं होतं, त्याच्या कितीतरी वर तेल नळ्यांत चढलं. नोझलं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर भोकं कंपनीच्या मापाची नव्हतीच. सगळे गप्प. नाना उठताना एवढंच म्हणाले, ‘‘मना पंप तठेच जाई.’’ म्हणजे माझा पंप यांच्याकडेच जाणार.

गाड्या परत आल्या. अडवलेलं बिल मात्र आलं नाही, आणि ‘आमचं चुकलं’ एवढे दोन शब्दही आले नाहीत. ते बिल मी अजून ठेवलं आहे.

पुढची वर्षं कामात गेली, बँक फिटली, मुलगा हाताशी आला. आता तो कॉमन रेल बघतो, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणारी नवी पद्धत. तिथे हिशेब वेगळा : दाब, वेळ आणि भोक मिळून माप ठरतं, म्हणून मोठा इंजेक्टर खरोखरच जास्त डिझेल ओततो. पण हाय-प्रेशर पंप पुरा पडला नाही की रेलचा दाब कोसळतो, गाडी लिंप मोडला जाते (स्वतःच ताकद कमी करते) आणि मालक सेन्सर बदलत बसतो. इंजेक्टर बदलला की त्याचा कोड ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) भरायला सांगा, नाहीतर नवा इंजेक्टरही जुन्या मापाने चालतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला आम्ही मोठे इंजेक्टर बसवत नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. काजळीने डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो, आणि मंजुरीशिवाय गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

नव्या पोरांनी विचारलं नाही तरी सांगतो. दुकान टाकाल तर मापाची वही ठेवा. पंप नंबर, तारीख, सहाही नळ्यांचे आकडे, सील कुणी मारलं. गिऱ्हाईकाची सही घ्या.  आणि जुने इंजेक्टर मालकाला पिशवीत घालून परत द्या, तो नको म्हणाला तरी.

गाडीवाल्यांनो, पंप सोडवून डिकीत टाकून आणू नका. गाडीच घेऊन या, आणि जमलं तर भरलेली. गॅलरीचं प्रेशर लोडवरच कळतं. लळिंगपर्यंत एक चक्कर मारू, गेज केबिनमध्ये तुमच्यासमोर लावू, आणि खराबी फीड पंपात निघाली तर तेवढीच दुरुस्त करून पाठवू.