आमची वाटचाल: गोटीसोबतची चिठ्ठी

आम्ही धंदा सुरू केला तो जुन्या खेळण्यांचा. पत्र्याच्या मोटारी, चावीची माकडं, लाकडी भोवरे. गोट्या हिशेबातही नसायच्या. कुणाचा जुना साठा उचलला की तळाशी डबाभर निघायच्या आणि आम्ही त्या सरसकट वजनावर काढून टाकायचो.

मग एका ग्राहकाने विचारलं, "या गोटीच्या दोन्ही टोकांचे फोटो मिळतील का?" गोल गोटीला टोकं कुठली, म्हणून धाकटा भाऊ हसला. भिंग लावल्यावर मात्र टोकं दिसली. एका बाजूला खडबडीत ठिपका, बरोबर समोर दुसरा, आणि आतले रंगीत धागे एका ठिपक्यातून निघून पीळ घेत दुसऱ्यापाशी मिळालेले. ही हातची गोटी. रंगीत काचेची कांब तापवायची, तिचं टोक वाटी असलेल्या खास कात्रीत धरून गोल फिरवायचं आणि कापून घ्यायचं. जिथे कापलं तिथे व्रण राहतो. अशी कात्री जर्मनीत, थुरिंगियातल्या लाउशा गावात १८४०च्या दशकात आली. पहिलं महायुद्ध पेटेपर्यंत काचेच्या गोट्यांचा व्यापार मुख्यतः याच भागातल्या कारागिरांच्या हातात होता.

त्या दिवसापासून गोट्या वजनावर विकणं बंद झालं. हळूहळू मोटारी आणि माकडंही गेली. आज आम्ही फक्त गोट्या घेतो, ओळखतो आणि विकतो. खरं सांगायचं तर गोटीपेक्षा तिच्यासोबतची चिठ्ठीच जास्त विकतो: कुठली, साधारण कधीची, हातची की यंत्रावरची, माप किती, इजा काय आणि हे सगळं आम्ही कशावरून म्हणतो.

हे 'कशावरून' आमच्या घरात बऱ्याच भांडणांचं कारण ठरलं. यंत्रावरच्या गोट्यांत ते फार सतावतं. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात मार्टिन फ्रेडरिक क्रिस्टेन्सनने गोळे वळायच्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळवलं. भट्टीतून काच अजून हातानेच सळईवर उचलली जायची, पण गोल करायचं काम यंत्र करायचं. म्हणून त्याच्या गोट्यांना हातच्या गोटीसारखे दोन व्रण नसतात, तरी उचलताना घेतलेला पीळ राहतो. चांगल्या नगावर माथ्याशी पांढऱ्या रंगात चक्क इंग्रजी नऊचा आकडा दिसतो आणि त्याची शेपटी गोटीभर फिरते. पुढे हाताचा भाग गेला आणि काचेची धार थेट यंत्रात पडू लागली. अ‍ॅक्रो अ‍ॅगेट ही कंपनीही मूळ अ‍ॅक्रनचीच. १९१४ साली ती वेस्ट व्हर्जिनियात क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ साली बंद पडली. बुचाच्या स्क्रूसारखा पीळ असलेली तिची गोटी नवशिक्यालाही ओळखता येते. दोन रंगांचे पट्टे एकमेकांत न मिसळता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चढत जातात.

इतकं सरळ सगळं असतं तर आमची गरजच नव्हती. एकाच कंपनीचे दोन दिवसांचे रंग जुळत नाहीत, आणि दोन कंपन्यांचे पांढऱ्यावर लाल फराटे भिंगाखाली सख्खे भाऊ वाटतात. भावाचं म्हणणं असायचं, 'बहुधा पेल्टियर' (ही गोट्या बनवणारी अमेरिकी कंपनी) असं लिहून मोकळं व्हावं, ग्राहकाला नाव लागतं. माझं म्हणणं, नाव लागतं म्हणूनच ते उगाच द्यायचं नाही. नावं चिकटली की निघत नाहीत. सोनेरी झाक मारणाऱ्या, तांब्याचे बारीक कण घातलेल्या जर्मन गोट्यांना सगळे 'लुट्झ' म्हणतात. हे नाव निकोलस लुट्झ या काच कारागिरावरून आलं, पण त्याने त्या बनवल्याचा कसलाही पुरावा नाही. शेवटी आमच्या चिठ्ठीवर 'बनवणारा सांगता येत नाही' ही ओळ आली. पहिल्यांदा विक्री थोडी घटली. नंतर मुरलेले संग्राहक त्याच ओळीमुळे आमच्याकडे वळले, कारण जिथे आम्ही नाव लिहितो तिथे ते डोळे झाकून घेता येतं.

दुसरा वाद पॉलिशचा. टवके पडलेली गोटी घासून झळझळीत करून देणारी माणसं आहेत आणि त्यात कमाईही आहे. यंत्र घेण्यापर्यंत मजल गेली होती. आम्ही ते घेतलं नाही. घासली की हातच्या गोटीवरचे व्रण पुसले जातात, यंत्रावरच्या गोटीची कापल्याची शिवण जाते, माप कमी भरतं. म्हणजे ओळख पटवायच्या खुणाच आपल्या हाताने मिटवायच्या. आतली नक्षी नीट दिसावी म्हणून स्वतःची फुटकी गोटी कुणी घासली तर आमची हरकत नाही. विकताना तसं सांगावं, एवढंच.

इजेबद्दलही लोकांचा गोंधळ असतो. पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखा पांढुरका डाग दिसला तर तो आपटल्याचा. आतला बुडबुडा, काचेची घडी, भट्टीतला कण हे जन्मजात. ते आम्ही इजेत धरत नाही.

सगळ्यात अवघड पत्रं घरच्या डब्यांची. 'पणजोबांच्या, पहिल्या महायुद्धाआधीच्या' असं लिहून असाच एक डबा आला. वरच्या थरात मांजरडोळे: पारदर्शक काच, मध्ये रंगीत पाकळ्या. हा प्रकार जपानमधून १९५०च्या दशकात अमेरिकेच्या बाजारात लोटला आणि तिथल्या कारखान्यांची झोप उडाली. त्याखाली अ‍ॅक्रोच्या पिळाच्या गोट्या. अगदी तळाशी, मातीच्या गोट्यांत मिसळलेली एकच हातची जर्मन गोटी, मध्ये पांढऱ्या धाग्यांची जाळी आणि बाहेर लाल-हिरवे पट्टे. डबा पणजोबांचा असेलही, पण पुढच्या प्रत्येक पिढीने त्यात भर घातली होती. आम्ही प्रत्येक थर वेगळ्या पुडीत बांधून, वेगळी चिठ्ठी लावून परत पाठवला. विकायला नको, असं त्या घरच्यांनी कळवलं. आमचा त्यात धंदा झाला नाही, पण असं काम आलं की दुकानात दिवसभर दुसरं काही सुचत नाही हेही खरं.

अतिनील दिव्याची फर्माईश अलीकडे वाढली आहे. युरेनियम घातलेली काच त्याखाली हिरवीगार पेटते, दिसते झकास. पण असली काच अनेकांनी वापरली, आजही बनते. नुसत्या उजेडावरून ना कारखाना ठरतो, ना वय. दिव्याची नोंद आम्ही चिठ्ठीत शेवटी करतो.

नकलाही आहेत. वर्तमानपत्री चित्रकथांतल्या पात्रांचे चेहरे छापलेल्या पेल्टियरच्या बारा गोट्यांना मोठी मागणी असते, म्हणून साध्या गोटीवर चित्र उमटवून देणारे निघाले. आतमध्ये पांढरी मूर्ती असलेल्या गोट्याही नव्याने होतात. आजचे काच कलाकार स्वतःच्या सहीने सुंदर गोट्या करतात, त्यांच्याशी आमचं काही भांडण नाही. सही खोडून 'जुनी' म्हणणाऱ्याशी आहे.

माल पाठवताना प्रत्येक गोटी स्वतंत्र गुंडाळतो. काचेला काचच टवके पाडते, त्यामुळे बरणीत भरून ठेवायची हौस असेल तर ती मांजरडोळ्यांवर भागवावी.

ओळखीसाठी फोटो पाठवणार असाल तर सहा बाजूंनी, खिडकीच्या साध्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढा. माप व्हर्नियरने घेतलंत तर उत्तम; यंत्रावरची गोटी इंचाच्या वर गेली तर लक्ष द्यावं लागतं, तेवढ्या मोठ्या कमीच निघायच्या. धूळ कोमट पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. फोटो मात्र गोटी पूर्ण कोरडी झाल्यावर काढा. ओल्या काचेवर ओरखडे लपतात.