ओढ्यातला तास

कॉलेजच्या एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आज पोरांबरोबर ओढ्यात उतरले. काम वनराई बंधाऱ्याचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडं शिवायची आणि वाहत्या पाण्याला आडव्या रचायच्या. खर्च जवळजवळ नाहीच, पण रब्बीला आणि जनावरांना पाणी मिळतं.

सिव्हिलची मुलं वहीत आकृती काढूनच आली होती. दोन थर झाले तेवढ्यात काठावरच्या आजोबांनी हाक मारली, "आरं, सांध्यावर सांधा आला की पाणी तिथनंच वाट काढतंय. भिंतीच्या इटावानी रचा की!" भिंतीचा बाँड, म्हणजे सांधे चुकवून विटा रचायची पद्धत, पुस्तकात शिकलेली पोरं एकमेकांकडे बघत राहिली. मग निमूट वरचा थर उचलला, परत लावला.

एनएसएस ही १९६९ पासून चाललेली योजना. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एक सात दिवसांचं शिबिर. बरेच जण ग्रेस मार्कांसाठी येतात, हे काही लपून नाही. येऊ देत की! गोणी उचलताना कोण कशासाठी आलंय ते कुठे दिसतं?

उद्या विहिरींच्या पाणीपातळीचा सर्व्हे. आणि भाकऱ्या थापायची पाळी मुलांची आहे, मुलींनी आजच जाहीर केलंय.