वाफ दिसत नाही

आमच्या फिल्म सोसायटीत मी अधूनमधून दुसऱ्या महायुद्धातलं सोव्हिएत फूटेज दाखवतो. खेळ संपून दिवे लागले की कुणी ना कुणी विचारतंच, ‘हे खरं आहे का हो, की नंतर करून घेतलेलं?’ गेल्या खेळाला तुमच्यातल्या दोघातिघांनी विचारलंत, पण हॉल रिकामा करून द्यायचा होता आणि बोलणं अर्धवट राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता निवांत लिहितो.

७ नोव्हेंबर १९४१ची सकाळ घ्या. जर्मन फौजा मॉस्कोपासून शंभर किलोमीटरच्या आत आलेल्या. तरीही रशियन क्रांतीच्या वर्धापनदिनाचं संचलन मॉस्कोतल्या रेड स्क्वेअर या चौकात करायचंच, असं स्टालिनने ठरवलं. विमानहल्ल्याची भीती असल्यामुळे वेळ अखेरपर्यंत गुप्त ठेवली आणि नेहमीच्या दहाऐवजी आठलाच संचलन सुरू केलं. ही गुप्तता इतकी पक्की होती की ध्वनिमुद्रण करणाऱ्या चित्रपथकालाही वेळ कळली नाही. ते पोचेपर्यंत भाषण होऊन गेलं होतं. रेडिओवरून ते देशभर ऐकलं गेलं, पण स्टालिन बोलतानाचं आवाजासकट चित्रण कुणाकडेच नव्हतं.

मग क्रेमलिनच्या आत एका सभागृहात, ज्या लेनिनच्या समाधीवर उभा राहून तो बोलला होता तिच्या दर्शनी भागाची लाकडी प्रतिकृती उभी केली आणि स्टालिनने तेच भाषण कॅमेऱ्यासमोर पुन्हा दिलं. थंडी आत यावी म्हणून खिडक्या उघडल्या होत्या, असं सांगतात. पण थंडीत बोलताना तोंडातून निघते ती वाफ काही आली नाही. फूटेज लावा आणि फक्त त्याच्या तोंडाकडे बघा. अलेक्झांडर नेव्हस्की, सुवोरोव्ह, कुतुझोव्ह अशी जुन्या सेनानींची नावं एकेक करून येतात, ओठ हलतात आणि ओठांपुढची हवा कोरडी स्वच्छ. पुढच्याच शॉटमध्ये चौकात बर्फ पडतोय, शिपायांच्या टोप्या आणि खांदे पांढरे झालेत.

म्हणजे भाषणाचं चित्र करून घेतलेलं, हे मी सरळ कबूल करतो. पण त्याच रिळातले शिपाई मात्र खरे आहेत. त्या बर्फातून चालत गेलेल्या कितीतरी तुकड्या चौकातून थेट आघाडीवर गेल्या. मला तो भाग बघताना दर वेळी पोटात तुटतं. एकेक चेहरा दीड-दोन सेकंद दिसतो आणि पुढे सरकतो. कोण परत आला, कोण नाही, ते रीळ सांगत नाही. कोपालिन आणि वार्लामोव्ह या दिग्दर्शकांनी याच चित्रणातून मॉस्कोच्या लढाईवरचा माहितीपट केला. १९४२च्या फेब्रुवारीत तो मॉस्कोत लागला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्करही मिळालं.

दुसरं उदाहरण स्टालिनग्राडचं. २३ नोव्हेंबर १९४२ला कलाचजवळ दोन बाजूंनी आलेल्या सोव्हिएत तुकड्या भेटल्या आणि जर्मन सहावी आर्मी वेढ्यात सापडली. बर्फावरून दोन्हीकडून धावत येणारे, एकमेकांना मिठ्या मारणारे शिपाई तुम्ही पाहिलेत. ते दृश्य नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा केलेलं आहे. भेट झाली, वेढा पडला, ती मिठी मात्र त्या क्षणाची नाही.

आणि मग जर्मन वेढ्यातलं लेनिनग्राड. तिथे असं काही करून घ्यायची गरजच नव्हती. १९४१च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तिथल्या बहुतेक नागरिकांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता. चित्रण करणारे कॅमेरामनही त्याच उपासमारीत होते. हातातला कॅमेरा किल्लीने चालणारा आणि त्यात एका वेळी जेमतेम मिनिटभराची फिल्म. त्यामुळे काय टिपायचं आणि काय सोडायचं, हे बधिर बोटांनी ठरवायचं. त्या फूटेजमध्ये लहान मुलांच्या घसरगाडीवर कापडात गुंडाळलेलं प्रेत ओढत नेणारी माणसं दिसतात. शेजारून जाणारी माणसं वळूनही बघत नाहीत. माझ्यासाठी त्या चित्रातली सगळ्यात भयंकर गोष्ट ती न वळलेली मान आहे. असं दृश्य बसवायला घेतलं असतं, तर कुणीतरी एकाला तरी वळून बघायला लावलंच असतं.

आघाडीवर चित्रण करणाऱ्यांमधले कितीतरी जण मारले गेले. व्लादिमीर सुश्चिन्स्की १९४५च्या फेब्रुवारीत ब्रेस्लाऊच्या लढाईत चित्रण करता करता गेला. प्रचार म्हणून हे सगळं एका झटक्यात बाजूला सारणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

पण प्रचार होता, हेही तितकंच खरं. काय दाखवलं यापेक्षा काय दाखवलं नाही, ते शोधायला जास्त वेळ लागतो. १९३२-३३च्या दुष्काळात युक्रेनमध्ये लाखो माणसं मेली. सरकारी वार्तापटांत तेव्हा ट्रॅक्टर आहेत, धान्याच्या राशी आहेत. कीव्हमधल्या बाबी यार या घळीत जर्मनांनी १९४१मध्ये दोन दिवसांत तेहतीस हजारांहून जास्त ज्यूंना गोळ्या घातल्या, पण १९४४च्या अधिकृत सोव्हिएत अहवालात ‘ज्यू’ हा शब्द उरला नाही, ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ झाला. चित्र खरं आणि त्यावरचं निवेदन लपवाछपवीचं, असंही होतं. म्हणून मी काही रिळं मुद्दाम आवाज बंद करून दाखवतो.

राहिला तुमचा सगळ्यात अवघड प्रश्न, ऑशविट्झ या नाझी मृत्युछावणीचा. २७ जानेवारी १९४५ला सोव्हिएत लाल सैन्य तिथे पोचलं. काटेरी तारांच्या दोन कुंपणांमधून चालत येणारी मुलं ज्यात दिसतात, ते चित्रण त्या क्षणाचं नाही, नंतरच्या दिवसांतलं आहे. मुलांच्या अंगावर मोठ्या माणसांचे पट्टेरी कपडे आहेत. पहिल्या रांगेत हात धरून चालणाऱ्या दोन जुळ्या बहिणी म्हणजे एव्हा आणि मिरियम मोझेस, छावणीतल्या मेंगेले या नाझी डॉक्टरच्या प्रयोगांतून वाचलेल्या. तसले कपडे आम्ही तिथे कधी घातलेच नव्हते आणि कॅमेऱ्यासाठी आम्हाला पुन्हा पुन्हा चालायला लावलं, हे पुढे एव्हानेच सांगितलं. हे ऐकून ‘बघा, सगळं खोटं’ म्हणणारे लोक जगात आहेत. म्हणूनच मी ही गोष्ट लपवत नाही, खेळाआधीच सांगून टाकतो.

त्याच चित्रणात पुढे मुलं बाह्या वर करून कॅमेऱ्याला हात दाखवतात. बाह्या वर करायला कुणीतरी सांगितलं असणारच. एव्हाच्या हातावर गोंदलेला आकडा होता ए-७०६३, मिरियमच्या हातावर ए-७०६४.