आमची वाटचाल : गिअरच्या दांडीपासून ट्रॅकपर्यंत

आमच्या गॅरेजची सुरुवात गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करण्यापासून झाली. स्पोर्ट्स कारला शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी सरकवून गिअर बदलता येणारी दांडी, बसवून देण्याची मागणी हळूहळू वाढत गेली आणि आज आमचं मुख्य काम तेच आहे. लोकांना वाटतं, एक दांडी काढायची नि दुसरी घालायची. पण स्टिअरिंगखालोखाल चालवणाऱ्याचा हात याच दांडीवर असतो, म्हणून आम्ही ते जिवापाड जपून करतो.

गिअरची दांडी ही एक तरफ आहे. टेकूच्या खालचा भाग लांबवला की वर हाताला कमी सरकावं लागतं. गिअरबॉक्समधल्या स्लीव्हला, म्हणजे सरकून गिअर गुंतवणाऱ्या कड्याला, मात्र पूर्वीइतकंच अंतर कापायचं असतं. त्यामुळे दांडीची फेक, म्हणजे गिअर बदलताना ती सरकते ते अंतर, 30 टक्क्यांनी घटवली, तर जोर साधारण 43 टक्के जास्त लागतो. हे गणित आम्ही काम हातात घेण्याआधीच सांगतो. ऐकून कुणी बेत बदलला तरी आमची हरकत नसते.

माझदा एमएक्स-5 ने आम्हाला खूप शिकवलं. तिची दांडी थेट गिअरबॉक्समध्ये उतरते, त्यामुळे कन्सोल काढून वरूनच काम होतं. तिथला नायलॉनचा बुश (दांडीच्या टोकाची छोटी वाटी) झिजलेला आणि रबरी बूट (दांडीभोवतीचं आवरण) फाटलेला असला, की गिअर ढिले लागतात. बऱ्याच गाड्यांत नुसता बुश बदलून ताजं तेल घातलं तरी मालक खूश होतो. तेव्हापासून आमचा क्रम ठरला: आधी बुश, मग शिफ्टर. पोर्श बॉक्स्टरसारख्या मध्ये इंजिन असलेल्या गाड्यांत दांडी गिअरबॉक्सला केबलने जोडलेली असते. तिथे सगळी मेहनत केबल नेमकी जुळवण्यात जाते.

ट्रॅकवर चाचणी घेतल्याशिवाय गाडी द्यायची नाही, हा आमचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. उभ्या गाडीत प्रत्येक गिअर लोण्यासारखा पडतो. वेगात वळताना इंजिन रबरी माउंटवर कलतं, आणि रॉडवर चालणारा शिफ्टर तिथेच आखडतो. म्हणून लांब वळणात चौथ्यातून तिसरा, जोरात ब्रेक मारताना तिसऱ्यातून दुसरा आणि इंजिन चढ्या फेऱ्यांवर असताना दुसऱ्यातून तिसरा टाकून पाहतो. तेल गरम होईपर्यंत घाई करत नाही. दांडी छोटी झाली म्हणून सिंक्रोला (गिअर गुंतण्याआधी वेग जुळवणाऱ्या यंत्रणेला) लागणारा वेळ कमी होत नाही. दामटून गिअर टाकला तर त्याच्या रिंगा झिजतात.

माझी नजर सगळ्यात जास्त असते ती दांडी मधोमध आणणाऱ्या स्प्रिंगवर. फेक कमी झाली की गिअरच्या रांगाही जवळ येतात. तिसऱ्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला मर्यादेपलीकडे फिरवतात आणि इंजिनाच्या फेऱ्यांना आवर घालणारा रेव्ह लिमिटर काहीच करू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकतात, कधी अख्खं इंजिन जातं. स्प्रिंगबद्दल जराही शंका आली, तर आम्ही गाडी पुन्हा रॅम्पवर घेतो.

हल्ली आम्ही फेक फार न घटवणारे शिफ्टरच सुचवतो. ट्रॅकवरून परतल्यावर गाडी थंड होऊ देतो, प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासतो, रबरी बूट नीट बसलाय का पाहतो आणि मगच किल्ली मालकाच्या हाती देतो.